धारदार जखम, बाण आणि वेदना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: "पातं इतकं धारदार असतं, की जनावराला कळतसुद्धा नाही." शिकारीला विरोध करणारे नेमकं उलट सांगतात: "बाण लागलेलं जनावर तडफडून मरतं." दोन्ही वाक्यं मी इतक्या वेळा ऐकली आहेत, की शरीरशास्त्र याबद्दल काय सांगतं ते एकदा नीट लिहून ठेवावंसं वाटलं. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही अर्धवट आहेत. खालचे बरेचसे प्रश्न लोकांनी मला विचारलेले आहेत, काही मी स्वतःलाच विचारले आहेत.

सुरीने बोट कापलं की आधी रक्त दिसतं आणि मग दुखतं. असं का होतं?

त्वचेत मज्जातंतूंची काही टोकं फक्त इजेची खबर देण्यासाठी असतात. मज्जासंस्थेचे अभ्यासक चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ च्या सुमारास त्यांच्यासाठी जो शब्द रूढ केला, त्यावरूनच आज त्यांना नोसिसेप्टर म्हणतात. हलक्या स्पर्शाला ती गप्प राहतात. पेशी फाटल्या, चिरडल्या किंवा भाजल्या की मात्र जागी होतात.

ही खबर मेंदूकडे दोन वाटांनी जाते. ए-डेल्टा तंतूंवर मायलिनचं पातळ वेष्टन असतं, त्यामुळे त्यांतून संदेश सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर वेगाने पळतो. सी तंतूंना वेष्टन नसतं आणि त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे माणसाच्या चालीइतका. म्हणून पायाला ठेच लागली की आधी चटकन चमक येते आणि क्षणभराने खोल कळ उठते. चमक, कळ, चुरचुर, ठणका, सल हे शब्द आपण सहज वापरतो, पण त्या शरीरातल्या खरोखरच वेगवेगळ्या घटना आहेत.

धारदार पातं फार अरुंद रेषेत कापतं. आजूबाजूची कातडी ताणली जात नाही, चिरडली जात नाही, त्यामुळे त्या क्षणी थोडीच टोकं उद्दीपित होतात. फुटलेल्या पेशींतून झिरपणारी रसायनं, आणि त्यापाठोपाठ तयार होणारी ब्रॅडिकायनिन व प्रोस्टाग्लँडिन, ही शेजारच्या टोकांना चिथावतात. त्याला वेळ लागतो. ठणका सुरू होतो तो तिथून पुढे.

सरावाच्या लक्ष्यातून बाण उपसताना एकदा ब्रॉडहेडचं, म्हणजे शिकारीच्या बाणाच्या रुंद पात्याच्या टोकाचं, पातं माझ्या अंगठ्यावरून गेलं. मला कळलं ते बुटावर रक्ताचे थेंब दिसले तेव्हा. दुसऱ्या दिवशी त्याच अंगठ्याने शर्टाचं बटण लावता येईना. या विषयातला सगळा वाद त्या दोन दिवसांमधल्या अंतराचा आहे असं मला तेव्हापासून वाटतं.

मग कागदाने कापलेलं बोट एवढं का झोंबतं? कागदही पातळच असतो.

कागदाची कड सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत, करवतीसारखी दिसते. ती कापत कमी आणि ओरबाडत जास्त जाते. शिवाय बोटाच्या टोकाला संवेदनेची टोकं दाटीवाटीने असतात आणि अशी जखम उथळ असल्याने त्यांवर रक्ताची खपली धरत नाही. ती उघडीच राहतात. जखम केवढी आणि दुखणं केवढं यांचा थेट हिशेब लागत नाही, हे शिकवायला कागदाइतकं सोपं उदाहरण नाही.

मोठी जखम होऊनही माणसाला दुखत नाही, हे खरं आहे की सांगोवांगी?

खरं आहे, आणि मोजून नोंदलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकी डॉक्टरांनी २१५ गंभीर जखमी सैनिकांना वेदनाशामक हवं का असं विचारलं. होय म्हणणारे जेमतेम पाव होते. हे निरीक्षण त्यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केलं. हेच जखमी सैनिक शीर शोधताना सुई वेडीवाकडी टोचली तर मात्र कुरकुरत. म्हणजे त्यांची संवेदनाच बधिर झाली होती असं नव्हे. जखमेची वेदना मेंदूने बाजूला ठेवली होती.

युद्धाची गोष्ट वेगळी, असं कुणी म्हणेल. वेदनेचे अभ्यासक रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९८२ मध्ये रुग्णालयाच्या अपघात विभागात आलेल्या १३८ साध्यासुध्या रुग्णांचा अभ्यास केला. त्यांतल्या ३७ टक्के लोकांना इजेच्या क्षणी काहीच दुखलं नव्हतं. कापणं, खरचटणं, भाजणं अशा त्वचेच्या जखमांत हे प्रमाण ५३ टक्के होतं. हाड मोडणं, मुरगळणं अशा खोल इजांत ते २८ टक्के होतं. आपल्या विषयासाठी हा फरक फार मोलाचा आहे: कापण्याच्या जखमेत सुरुवातीची शांतता जास्त वेळा येते.

पण त्याच अभ्यासाचा पुढचा भाग कुणी सांगत नाही. ज्यांना सुरुवातीला दुखलं नाही, त्यांतल्या बहुतेकांना तासाभरात दुखू लागलं. काहींना त्याहून बराच उशीर लागला. शांतता ही मुदतीची असते.

प्राण्याच्या हल्ल्याचं उदाहरण हवं असेल तर धर्मप्रचारक आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचं आहे. १८४४ मध्ये आफ्रिकेत सिंहाने त्यांचा खांदा धरून त्यांना झटकलं. त्या वेळी एक गुंगी आली, काय चाललंय ते समजत होतं, पण वेदना किंवा भीती नव्हती, असं त्यांनी नंतर लिहिलं. त्या हाताचं हाड मात्र मोडलं होतं आणि तो हात आयुष्यभर अधू राहिला.

अॅड्रेनालिनमुळे दुखत नाही ना?

असं सर्रास बोललं जातं, पण अॅड्रेनालिन स्वतः वेदनाशामक नाही. ते हृदय जोरात पळवतं, स्नायूंना रक्त पुरवतं. वेदना दाबण्याचं काम मेंदूतच होतं. मध्यमेंदूतल्या एका भागातून पाठीच्या कण्याकडे उलटे आदेश जातात आणि तिथे वर येणारी खबर अडवली जाते. अशी अडवणूक होऊ शकते ही कल्पना मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये 'गेट' सिद्धान्तात मांडली होती. शरीर स्वतःच अफूसारखी द्रव्यं बनवतं, हे १९७५ मध्ये अॅबर्डीनमध्ये एन्केफॅलिनच्या शोधाने स्पष्ट झालं. नालोक्झोन हे अफूचा परिणाम उतरवणारं औषध दिलं, की तणावात येणारी ही बधिरता प्रयोगांत बरीचशी कमी होते.

पळून जीव वाचवायचा असताना लंगडत बसणं परवडत नाही, म्हणून ही सोय आहे. धोका टळून जनावर निवाऱ्याला बसलं, की तिची गरज संपते.

हे सगळं माणसांचं झालं. प्राण्यांनाही वेदना होते हे कशावरून?

सस्तन प्राण्यांबद्दल आज गंभीरपणे कुणी शंका घेत नाही. हरीण, डुक्कर, ससा, माणूस या सगळ्यांत तेच तंतू, तीच रसायनं, पाठीच्या कण्यातून वर जाणाऱ्या त्याच वाटा आहेत. माणसाला चालणारी वेदनाशामकं त्यांनाही लागू पडतात. नुसती प्रतिक्षिप्त क्रिया आणि अनुभवलेली वेदना यांत फरक असतो, हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्यावर मला सर्वांत पटलेला पुरावा कोंबड्यांचा आहे. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लंगड्या आणि धडधाकट कोंबड्यांसमोर दोन प्रकारचं खाद्य ठेवलं. एकात कार्प्रोफेन हे वेदनाशामक मिसळलेलं होतं, दुसऱ्यात नव्हतं. लंगड्या कोंबड्यांनी औषधाचं खाद्य जास्त निवडलं, आणि लंगडणं जितकं जास्त तितकं औषधही जास्त खाल्लं. प्रतिक्षिप्त क्रिया स्वतःसाठी औषध निवडत नाही.

वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा त्यात स्पष्ट लिहिलं: बोलून सांगता येत नाही म्हणून माणसाला किंवा इतर प्राण्याला वेदना होत नसेल असं धरता येणार नाही.

पण धारदार पात्याने कापलं तर प्राण्याला खरंच दुखतं का? त्याचा काही थेट पुरावा?

आहे. न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये वासरांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. वासरांना अगदी हलकी भूल दिली होती, म्हणजे त्यांना त्रास होऊ नये पण मेंदूच्या विद्युत लहरी वेदनेला प्रतिसाद देत राहाव्यात. मग अतिशय धारदार सुरीने मानेला छेद दिला. लहरींमध्ये वेदनेचा ठसा उमटला. तो रक्तपुरवठा थांबल्यामुळे नव्हता. मानेतले ऊतक कापल्यामुळे होता, हेही त्यांनी वेगळं करून दाखवलं.

म्हणून "कळतच नाही" हे वाक्य मी आता वापरत नाही. धारदार पात्याने कमी दुखतं, अनेकदा उशिरा दुखतं, कधी पहिल्या क्षणी दुखतही नाही. इतकंच म्हणता येतं.

बाण आरपार गेल्यावर हरीण चार पावलं उडी मारून पुन्हा चरायला लागलं. हे कसं?

असं पाहिलेले शिकारी पुष्कळ भेटतात आणि ते खोटं बोलत नाहीत. आजच्या कंपाऊंड, म्हणजे कप्प्या लावलेल्या, धनुष्यातून सुटलेला बाण सेकंदाला साधारण ७० ते ९० मीटर जातो. हरणाच्या छातीची रुंदी तो सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत पार करतो. इजेची पहिली खबर मेंदूपर्यंत पोचायच्या आत बाण पलीकडच्या मातीत रुतलेला असतो. बंदुकीसारखा मोठा आवाज नाही, जोराचा धक्का नाही. हरणाच्या दृष्टीने काहीतरी चावलं किंवा फांदी लागली, एवढंच घडलेलं असू शकतं.

पण चरणं म्हणजे न दुखणं असा अर्थ काढू नये. हरणासारखे भक्ष्य प्राणी दुखणं लपवतात. कळपात जो लंगडतो त्याच्यावर शिकारी प्राण्याची नजर जाते, म्हणून हजारो पिढ्यांत ओरडणारे, दुखणं दाखवणारे कमी उरले. पशुवैद्यांनाही हे आधी कळत नव्हतं. उंदरांच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची मोजपट्टी २०१० मध्ये आली, मग घोड्यांची, मग मेंढ्यांची. कानांची ठेवण, डोळ्यांभोवतीचा ताण, जबड्याची घट्ट पकड अशा बारीक खुणा असतात त्या. झाडावरच्या मचाणावरून, संधिप्रकाशात, वीस मीटरवरून त्या कुणालाही दिसणार नाहीत.

बाण नेमका मारतो कसा?

रक्तस्रावाने. गोळीभोवती ऊतक क्षणभर फुगून फाटतं. बाणाभोवती तसं काही होत नाही. त्याची पाती जिथून जातात तेवढंच कापलं जातं. दोन्ही फुप्फुसं किंवा हृदयाजवळच्या मोठ्या धमन्या कापल्या गेल्या तर रक्तदाब झपाट्याने कोसळतो, छातीत हवा शिरून फुप्फुसं मिटतात आणि मेंदूला रक्त पोचेनासं होतं.

मेंदूला रक्त पूर्ण थांबलं तर किती वेळात शुद्ध जाते, हे माणसांवर मोजलेलं आहे. १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मानेभोवतीच्या फुगवणाऱ्या पट्ट्याने रक्तपुरवठा थांबवल्यावर माणसं ५ ते १० सेकंदांत बेशुद्ध झाली. बाणाच्या जखमेत रक्त एकदम थांबत नाही, म्हणून त्यात आणखी काही सेकंद धरावे लागतात. साठ किलोच्या हरणात सुमारे साडेचार लिटर रक्त असतं. त्यातला मोठा वाटा गेला की ते कोसळतं. हृदयावर किंवा दोन्ही फुप्फुसांवर बसलेल्या बाणाने हरीण बहुधा मिनिटाच्या आत पडतं, अनेकदा धावता धावताच.

या काळात ठणका सुरू होण्याइतका वेळच उरत नसतो. धाप लागणं, घाबरणं हे मात्र त्या काही सेकंदांतही असू शकतं. हवेसाठी कासावीस होणं हा स्वतःच मोठा त्रास आहे आणि त्याचा वेदनेच्या तंतूंशी संबंध नाही, त्यामुळे "दुखलं नाही" या हिशेबात तो धरलाच जात नाही. मला ही त्या युक्तिवादातली सर्वांत मोठी गळती वाटते.

फुप्फुस कापलं तर दुखतं? आतडं?

इथे शरीर आपल्या अंदाजाला चकवतं. फुप्फुसाच्या स्पंजासारख्या ऊतकाला कापल्याचं दुखत नाही. त्याभोवती छातीच्या आतून असलेलं अस्तर मात्र अतिशय हळवं असतं, बरगड्यांवरचं आवरणही तसंच. मेंदूला स्वतःला वेदनेची टोकंच नाहीत. आतडं कापलं किंवा भाजलं तरी जाग्या माणसालाही ते फारसं जाणवत नाही, हे शल्यचिकित्सकांनी जुन्या काळापासून नोंदलेलं आहे. मात्र आतडं ताणलं, सुजलं किंवा त्याभोवतीचं अस्तर चिडलं, तर असह्य कळा येतात. म्हणजे पोटातून बाण गेला त्या क्षणी कमी दुखेल, पण ज्या जखमेने सर्वांत जास्त हाल होतात ती हीच.

पोटात लागलेल्या बाणाचं काय होतं?

हा प्रश्न टाळला जातो, म्हणून मी त्याच्यावर थांबणार आहे.

बाण हातभर मागे लागला की फुप्फुसांऐवजी यकृत, किंवा त्याहून मागे जठर आणि आतडी फाटतात. यकृतात रक्त भरपूर असतं, त्यामुळे जनावर बहुधा काही तासांत जातं. जठर-आतड्यात मोठी धमनी क्वचित कापली जाते. अर्धवट पचलेलं अन्न आणि जंतू पोटाच्या पोकळीत सांडतात, अस्तराला दाह होतो, जंतुसंसर्ग पसरतो. माणसात याच अवस्थेला पेरिटोनायटिस म्हणतात आणि ती आलेला रुग्ण पोट हलू नये म्हणून श्वाससुद्धा उथळ घेतो. पोटात बाण लागलेलं हरीण पाठीची कमान करतं, हळूहळू चालत जातं आणि जवळच्या झाडोऱ्यात बसतं. मरायला बारा तास लागू शकतात, कधी त्याहून जास्त.

अनुभवी माग काढणारे अशा वेळी लगेच पाठलाग करू नका, आठ ते बारा तास थांबा, असं सांगतात. ऐकायला हे निर्दय वाटतं. पण उठवलेलं जखमी हरीण किलोमीटरभर पळतं, रक्ताचा माग तुटतो आणि ते कधीच सापडत नाही. मी हे कारण समजतो, मान्यही करतो. तरीही त्या बारा तासांत कुणीतरी झाडीत बसून हाल सोसतंय, हे शिकाऱ्याने स्वतःला स्पष्ट शब्दांत सांगावं असं मला वाटतं. पहिल्या क्षणाच्या बधिरतेची गोष्ट इथे कामाला येत नाही, कारण ती मुदत केव्हाच संपलेली असते.

हे टाळायचं असेल तर ते दोरी सोडण्याआधीच टाळावं लागतं. जनावर आडवं उभं असावं किंवा किंचित पाठमोरं, सावध झालेलं नसावं आणि अंतर आपल्या सरावातलं असावं. सावध हरीण धनुष्याचा आवाज ऐकून बाण पोचण्याआधीच खाली दबतं. ध्वनी सेकंदाला ३४० मीटर जातो, बाण त्याच्या चौथ्या हिश्शाने. तीस मीटरवर ही तफावत सेकंदाच्या पाव भागाहून जास्त असते, आणि तेवढ्यात छातीवरचा नेम भलतीकडे जातो.

किती जनावरं लागूनही सापडत नाहीत?

अमेरिकेत मेरीलँडमधल्या एका नौदल तळावर १९८९ ते २००६ या काळात नीट नोंदी ठेवल्या गेल्या. परीक्षा देऊन पात्र ठरलेल्या १०४ तिरंदाजांनी आधुनिक धनुष्यांनी ९०८ पांढऱ्या शेपटीच्या हरणांना बाण मारले. त्यांतली सुमारे १८ टक्के सापडली नाहीत. त्यातली काही बरी झाली असतील, कारण वरवरच्या स्नायूतली स्वच्छ जखम हरणाची चांगली भरते आणि जुन्या पात्याभोवती गाठ धरलेली हरणं पुढे मिळाल्याची उदाहरणं आहेत. काही मेली असतील. ही तयारीच्या शिकाऱ्यांची, एका जागची आकडेवारी आहे, सगळ्या जगाची नव्हे. पण पाचात जवळपास एक हा आकडा डोळ्यांआड करता येत नाही.

धारेला एवढं महत्त्व का? बोथट पातंही जोरात लागलं तर मरतंच ना?

कापलेली आणि फाटलेली जखम यांतला फरक न्यायवैद्यकाच्या पहिल्या धड्यात असतो. धारदार शस्त्राने कापलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या वाहतात. फाटलेल्या, चिरडलेल्या रक्तवाहिन्यांची तोंडं पिळवटून मिटतात, चिरडलेल्या ऊतकातून गोठण सुरू करणारी द्रव्यं जास्त सुटतात आणि रक्त लवकर थांबतं. बोथट पात्यासमोरून लवचीक धमनी बाजूलाही सरकू शकते. म्हणजे बोथट पात्याने एकाच वेळी दोन्ही वाईट गोष्टी होतात: दुखतं जास्त आणि मरण लांबतं.

म्हणून सरावात वापरलेलं पातं शिकारीला नेऊ नये, आणि एकदा मारलेलं पातं धार लावल्याशिवाय किंवा बदलल्याशिवाय पुन्हा भात्यात ठेवू नये. हातावरचे केस सहज निघत नसतील तर ते पातं बोथट समजावं.

बंदूक बरी की बाण?

मेंदूवर नीट बसलेली गोळी सर्वांत लवकर शुद्ध हरपवते, यात वाद नाही. छातीवर बसलेली गोळी आणि छातीवर बसलेला बाण यांत सेकंदांचा फरक असतो. चुकीच्या जागी बसलेली दोन्हीही भयंकरच, पण गोळी हाड मोडून जनावराला जागीच अडवण्याची शक्यता जास्त असते.

निसर्गात लांडगे, रानकुत्री याहून हाल करूनच मारतात. मग एवढा विचार कशाला?

वस्तुस्थिती बरोबर आहे. रानकुत्री मोठं भक्ष्य पुष्कळदा जिवंतपणीच खायला सुरुवात करतात, उपासमारीत किंवा कडक हिवाळ्यात मरणं आठवडेच्या आठवडे चालतं. पण लांडग्यासमोर दुसरा पर्याय नसतो, दोरी ओढणाऱ्यासमोर असतो. दोरी परत सैल सोडता येते.

माशांना बाण मारतात, त्यांनाही दुखतं?

लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ट्राउट माशाच्या तोंडाभोवती नोसिसेप्टर असल्याचं दाखवलं. ओठात सौम्य आम्ल टोचलेले मासे खायचे थांबले, ओठ तळाच्या खड्यांवर घासू लागले, आणि मॉर्फिन दिल्यावर ते घासणं कमी झालं. माशांत सी तंतू फार कमी असतात आणि सस्तन प्राण्यांसारखं मेंदूचं बाह्यक, म्हणजे बाहेरचा थर, नसतं, म्हणून तो अनुभव आपल्यासारखा आहे का यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत. मला विचाराल तर शंका असेल तिथे तिचा फायदा माशाला द्यावा. बाण लागलेला मासा पटकन डोक्यावर मारून संपवावा, नावेत तडफडत ठेवू नये.

वेदनाच नसती तर बरं झालं असतं, नाही का?

२००६ मध्ये पाकिस्तानच्या उत्तर भागातल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या मुलांना जन्मापासून कसलीच वेदना जाणवत नव्हती. एससीएन९ए नावाच्या एका जनुकातला बिघाड त्याला कारणीभूत होता. अभ्यासाची सुरुवात झाली ती एका मुलामुळे. तो रस्त्यावर खेळ करायचा, दंडातून सुऱ्या आरपार घालून दाखवायचा आणि निखाऱ्यांवर चालायचा. सुरी शिरलेली त्याला कळायची, दुखायची नाही. वयाची चौदा वर्षं पुरी होण्याआधीच छपरावरून उडी मारून तो गेला. संशोधकांना तो भेटलाच नाही.

माणसालाच बाण लागला तर काय करावं?

उपसू नये. बाण रुतलेला असेल तर कापलेल्या रक्तवाहिनीत तोच बुचासारखा बसलेला असू शकतो. त्याच्या दोन्ही बाजूंनी कापडाच्या जाड घड्या लावून तो हलणार नाही असा बांधावा, रक्त येत असेल तर भोवती दाब द्यावा, बाणावर नव्हे. दांडी फार लांब असेल आणि नेताना अडत असेल तरच ती घट्ट धरून, न हलवता कापावी. जखमीला झोपवून उबदार ठेवावं आणि शस्त्रक्रियेची शक्यता असल्याने खायला-प्यायला देऊ नये. छातीत बाण लागला असेल आणि श्वास घ्यायला त्रास होत असेल तर एक मिनिटही वाया घालवू नये.

हे ज्ञान नवं नाही. आपण सर्जरीला शल्यचिकित्सा म्हणतो, त्यातलं शल्य म्हणजे शरीरात रुतलेला बाण, काटा. सुश्रुतसंहितेत शरीरातली १०७ मर्मं सांगितली आहेत आणि त्यांतल्या काहींना विशल्यघ्न म्हटलं आहे. तिथे रुतलेलं शल्य आत आहे तोवर माणूस जगतो, उपसलं की मरतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी सैन्यातले शल्यचिकित्सक जोसेफ बिल यांनी बाणांच्या जखमांवर १८६२ मध्ये लिहिलं, तेव्हा त्यांनीही घाईने दांडी ओढू नका असंच बजावलं. त्या बाणांचं टोक दांडीला स्नायूच्या तंतूने बांधलेलं असे. रक्ताने ते भिजून सैल होई आणि दांडी ओढली की टोक आतच राही.

आणि जखमी माणूस "मला काही दुखत नाही, चालत येतो" म्हणाला तर त्यावर विसंबू नये. वर सांगितलेली बधिरता त्यालाही येते. त्याचा चेहरा, ओठांचा रंग, नाडीचा वेग आणि श्वास याच खुणा बघत राहाव्यात. चेहरा पांढरा पडला, अंग गार आणि ओलसर लागू लागलं, तहान लागली, अस्वस्थपणा वाढला, तर आत रक्त वाहतंय असं समजून त्याला उचलून न्यावं.